किल्ल्याच्या खिडकीतलं कातडं

१

फादर रुज्जेरोला या प्रकरणात काय मिळणार होतं, याचा हिशेब गावाने किल्ला उतरता उतरताच मांडून टाकला. चर्चचं गळकं छप्पर नवं होणार. तडकलेली घंटा पुन्हा ओतून मिळणार. तूरिनहून आलेल्या बेस्सोने नावाच्या इंजिनियरने ही दोन्ही आश्वासनं उन्हाळ्यात भर चौकात दिली होती आणि तेव्हा लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आज त्या टाळ्या कुणालाच आठवत नव्हत्या. छप्पर मात्र सगळ्यांना आठवत होतं.

"एका छपरापायी डोंगर विकला," बेकरीवाला म्हणाला.

"आणि वर आपल्यालाच पापांची कबुली द्यायला लावतो," त्याची बायको म्हणाली. "गेल्या शनिवारी मी त्याला चोरून खाल्लेल्या साखरेचं सांगितलं. साखरेचं!"

वर किल्ल्यात अर्ध्या तासापूर्वी घडलं ते असं.

रोक्कास्पीना गावाला डोंगरावरचं चेस्टनटचं रान, झरा आणि सरपण सहाशे वर्षांपूर्वीच्या एका सरदाराने लिहून दिलं होतं. लिहिलं होतं बकरीच्या कातड्यावर, आणि अट एकच होती. दर वर्षी संत अंतोनियोच्या दिवशी, सतरा जानेवारीला, गावातल्या कुणीतरी हे कातडं माझ्या खिडकीत धरून दाखवायचं. सरदार गेला, त्याचा वंश बुडाला, किल्ल्याचे बहुतेक दगड गावाने डुकरांच्या गोठ्यांना लावले. एक खिडकी उरली आणि ती अट उरली.

कातडं चर्चमधल्या पेटीत असे. पेटीला तीन कुलपं. एक किल्ली फादरकडे, एक रान-समितीच्या अध्यक्षाकडे, तिसरी किल्ल्याच्या पायथ्याच्या शेवटच्या घराकडे. कातडं धरण्याची पाळीही तिघांत फिरती. ज्याची पाळी त्याने पत्र्याची नळी काखेत मारून मोडका जिना एकट्याने चढायचा, कारण त्या जिन्याला दोन माणसांचं ओझं पेलत नाही. वर भिंतीआड नळी उघडायची आणि कातडं खिडकीत धरायचं. अक्षरं आपल्या छातीकडे, पाठ लोकांकडे. ते वळलं तर हिवाळा कोरडा जाणार, सपाट राहिलं तर पाऊस येणार, असं खाली लोक सांगत. मग ते खाली आणायचं आणि एकेकाने त्याच्या पाठीचं चुंबन घ्यायचं. फक्त पाठीचं. ओठांनी अक्षरं झिजतील म्हणून कुठल्याशा जुन्या बिशपने तसा दंडकच घातला होता. नंतर नळी, नळीवर लाखेचं सील, आणि पेटी.

यंदा पाळी सेत्तीमियाची होती. शेवटच्या घरातली, बकऱ्या पाळणारी विधवा. ती वर गेली. खिडकीत कातडं आलंच नाही. आली ती तिची किंकाळी.

"कोरं आहे! अरे, कोरं आहे हे! एक अक्षर नाही!"

सोमवारी शहरात खटल्याची तारीख होती. बेस्सोनेने सरदाराच्या दूरच्या वारसांकडून डोंगर विकत घेतला होता आणि तिथे त्याला हॉटेल उभारायचं होतं. न्यायाधीशासमोर कातडं ठेवलं की बेस्सोने हात हलवत परत जाणार होता. न ठेवलं तर मार्चमध्ये डोंगराला कुंपण, आणि गावाच्या नळाला येणारा झरा त्या कुंपणाच्या आत.

रान-समितीचा अध्यक्ष दुइलिओ पडक्या भिंतीवर डोकं धरून बसला होता. त्याच्याशेजारी उभी होती त्याची मेव्हणी झेलिंदा. तिने एकतीस वर्षं चेस्टनट तोलायच्या काट्यावर काढली होती. कोण पोत्यात दगड घालतो, कोण ओला पाला घालतो आणि कोण गप्पा मारता मारता ताटलीवर कोपर टेकवतो, हे तिला पोतं उचलण्याआधीच कळायचं. काटा सुटला, सवय सुटली नाही.

"झेलिंदा," दुइलिओ म्हणाला, "तूच शोध. हवालदार येईल, कागद भरेल आणि जेवायला जाईल. या गावाला तुझ्याइतकं कुणी ओळखत नाही."

झेलिंदाने ते कोरं कातडं बोटांत चोळून पाहिलं आणि पिशवीत टाकलं. सकाळी पेटी उघडली तेव्हा तिन्ही कुलपं शाबूत होती. लाखही तुटलेली नव्हती. म्हणजे बाहेरचा कुणी नव्हता. वर भिंतीआड, एकट्याने, दोन-चार मिनिटांत जे करता येतं ते फक्त तिघांनाच करता आलं असतं. त्यांतला एक तिच्यासमोर बसला होता आणि तिच्या बहिणीचा नवरा होता.

२

"बस. बकरीच्या जागेवर बसू नकोस, ती रागावते," सेत्तीमिया म्हणाली.

चुलीजवळ खरंच एक म्हातारी बकरी होती. झेलिंदा बाकाच्या टोकाला टेकली.

"लोक काय बोलतायत?"

"बोलतायत की कातडी माझ्याकडेच असतात. बोलतायत की बेस्सोने माझं घर मागायला दोनदा आला होता. तो आला होता, मी कुत्रा सोडला होता, ते कुणी बोलत नाही. तू काय बोलतेस?"

"मी काट्यावरची बाई. आधी पोतं, मग बोलणं." झेलिंदाने पिशवीतून कातडं काढलं. "हे बघ."

सेत्तीमियाने ते उजेडाकडे धरलं आणि नाक मुरडलं. "हे बकरीचं? छे! बकरीच्या केसांची भोकं ओळीने असतात, कवायतीला उभी राहिल्यासारखी. ही बघ कशी विखुरलीत. मेंढी आहे ही. आणि नुसतं खरवडून वाळवलेलं नाही, तुरटी-मीठ लावून कमावलंय. म्हणून असं लुळं पडलंय, ओल्या फडक्यासारखं. खोटं वाटतं? जीभ लाव."

झेलिंदाने जीभ लावली. खारट.

आणि काहीतरी हललं. कधीतरी, किल्ल्यातच, त्या चुंबनाने तिचे ओठ चरचरले होते. कधी, ते मात्र आठवेना.

"हे ज्याने आणलं त्याला बकरी आणि मेंढी यांतला फरक कळत नाही," सेत्तीमिया म्हणाली. "दुकानात गेला असेल आणि म्हणाला असेल, एक कातडं द्या. मला कातडं हवं असतं तर मी असलं आणलं असतं? माझा अपमान आहे हा."

झेलिंदाला हसू आलं. तीस वर्षांत कुणी चोरीचा आरोप इतक्या तोऱ्यात झटकला नव्हता.

"बरं. तुझी मागची पाळी कधी होती?"

"तीन वर्षांपूर्वी. तेव्हा अक्षरं होती. तपकिरी, किड्यांच्या रांगेसारखी. मला वाचता येत नाहीत, पण दिसतात." सेत्तीमिया बोटं मोडू लागली. "त्यानंतर दुइलिओ. गेल्या वर्षी फादर. आणि आज परत मी."

"म्हणजे दुइलिओच्या पाळीला किंवा फादरच्या पाळीला."

"दुइलिओच्या कसं असेल? दुइलिओने बदललं असतं तर गेल्या वर्षी फादरच्या हातात कोरं आलं असतं. अक्षरं छातीकडे असतात, बाई. नाकासमोर! कोरं असतं तर फादर ओरडला नसता? मी ओरडले तशी?"

गेल्या वर्षी फादर ओरडला नव्हता. त्याने शांतपणे कातडं धरलं होतं, शांतपणे खाली आणलं होतं आणि सगळ्यांना आशीर्वाद दिला होता. मग दोनच गोष्टी शक्य होत्या. त्याच्या हातात खरं कातडं होतं आणि त्याने ते बदललं, किंवा त्याच्या हातात कोरं होतं आणि तो गप्प बसला. दोन्हीकडून काटा एकाच बाजूला झुकत होता.

"जा, विचार त्याला," सेत्तीमिया म्हणाली. "पण हळू विचार. त्यानेच माझ्या नवऱ्याला मूठमाती दिलीय."

३

फादर रुज्जेरोने दार उघडलं आणि झेलिंदाच्या खांद्याच्या थोडं पलीकडे पाहून हसला.

"कोण? झेलिंदा. ये. कॉफी टाकतो."

एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण स्वयंपाकघरात हात झरझर चालत होते. कॉफी ओतताना त्याने एक बोट कपाच्या कडेवर ठेवलं होतं. झेलिंदाने ते पाहिलं. तेवढ्यापुरतं तिला वाटलं, म्हातारपणाची सवय.

"फादर, गेल्या वर्षी तुम्ही धरलंत तेव्हा अक्षरं होती?"

"होती." उत्तर फार लवकर आलं. "होती, बाई. सुरेख अक्षरं."

"शपथेवर सांगाल?"

"मी खोटं कशाला बोलेन?"

"कारण अक्षरं होती म्हणालात तर चोर तुम्हीच ठरता. तुमच्या आधी कुणी बदललेलं नाही आणि तुमच्यानंतर पेटी उघडलीच नाही. तुम्ही स्वतःहून ताटलीवर चढताय, फादर."

म्हाताऱ्याचे हात टेबलावर साखरेचा डबा शोधू लागले. डबा समोरच होता, चांगला लाल, विटेएवढा.

झेलिंदाने पिशवीत हात घातला. सकाळी कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यातून निघालेली जाहिरात तशीच चुरगळून पडली होती. तिने ती सरळ केली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"बेस्सोनेच्या वकिलाची नोटीस आलीय. जरा वाचता?"

फादरने कागद उचलला, डोळ्यांसमोर योग्य अंतरावर धरला आणि डोकं हलवत हलवत ओळींवरून चेहरा फिरवला.

"वाईट," तो म्हणाला. "फार उद्धट भाषा आहे. देव त्याला क्षमा करो."

कागदावर एक भलीमोठी कोंबडी होती आणि खाली लिहिलं होतं, रोज एक अंडं, हमखास.

झेलिंदा काही बोलली नाही. त्या न बोलण्यातच फादरला कळलं. त्याने कागद खाली ठेवला आणि दोन्ही तळवे त्यावर ठेवले.

"काय आहे हे?"

"कोंबडी."

"अच्छा," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळाने, "किती वर्षं झाली विचार ना. विचार."

"किती?"

"अडीच. उजेड आणि अंधार कळतो. आवाज आणि पावलं कळतात. प्रार्थना पाठ आहेत. जिन्याच्या पायऱ्या मोजल्यात, चाळीस आणि तीन मोडक्या. गेल्या वर्षी मी काय धरलं होतं ते मला माहीत नाही, झेलिंदा. कातडं होतं, एवढंच."

"मग अक्षरं होती असं का म्हणालात?"

"नव्हती म्हणालो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग ओरडला का नाहीस. आणि त्याचं उत्तर एकच आहे. ते उत्तर बिशपच्या कानावर गेलं की दुसऱ्या आठवड्यात मी खाली सपाटीच्या मुलखात, म्हाताऱ्या पाद्र्यांच्या घरी. तिथे मी कुणाची पावलं ओळखत नाही." त्याने हात पुढे केला. तो तिच्या मनगटाला लागला आणि तिथेच थांबला. "चोर म्हणू देत मला. छप्पर खाल्लं म्हणू देत. हे मात्र सांगू नकोस."

"नाही सांगणार."

तिने शब्द दिला. मनापासून दिला. आणि मग तिच्या तोंडून पुढचा प्रश्न गेला, काट्यावरच्या सवयीने.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"एकालाच. दर महिन्याला तोच मला शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो. अडीच वर्षांत एक चकार शब्द कुठे काढला नाही बिचाऱ्याने." फादरचा चेहरा थोडा उजळला. "तुझाच माणूस. दुइलिओ."

४

झेलिंदाकडे एकतीस वह्या होत्या. काटा सुटल्यावर समितीने त्या रद्दीत काढल्या, तेव्हा तिने त्या घरी आणल्या. सुटल्यावरही ती पहिल्या पानावरची एक ओळ दर वर्षी लिहीतच राहिली होती, कारण काही बायकांना जपमाळेशिवाय झोप येत नाही, तसं तिचं होतं. ती ओळ अशी असे: वारा कुठला, कातडं कुणी धरलं, वळलं की सपाट.

गेल्या वर्षीची ओळ: धुकं. फादर. सपाट.

धुक्यात सपाट राहणारच. त्यात काही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची: उत्तरेचा वारा, चार दिवसांपासून. माझे ओठ फुटून रक्त आलं. दुइलिओ. सपाट. पाऊस येणार म्हणतात.

तिने ती ओळ तीनदा वाचली. चार दिवस उत्तरेचा कोरडा वारा, इतका की माणसाचे ओठ फुटावेत, आणि सहाशे वर्षांचं वाळवलेलं बकरीचं कातडं सपाट? ते तर भाजलेल्या पानासारखं गुंडाळून यायला हवं होतं. दुइलिओ खिडकीतून हसत ओरडला होता, "छत्र्या काढा रे!" आणि त्या हिवाळ्यात थेंब पडला नव्हता. झरा सुतासारखा झाला होता. लोक म्हणाले, कातडं म्हातारं झालं, चुकतं बिचारं.

आणि चुंबन. फुटलेल्या ओठांना मीठ लागलं होतं. ते चरचरणं त्याच वर्षीचं. दुसऱ्या कुठल्या वर्षी तिचे ओठ फुटलेच नव्हते.

आता हिशेब सुटायला काही उरलं नव्हतं, आणि म्हणूनच ती तो सोडवायला तयार नव्हती. दुइलिओ? कुंपणाविरुद्ध सह्या गोळा करणारा? बेस्सोनेला चौकात "तूरिनचा भामटा" म्हणणारा? तिची बहीण नोरीना गेल्यापासून तेरा वर्षं दर रविवारी तिच्या टेबलाशी जेवणारा?

पण काटा पोत्याची ओळख विचारत नाही. कोरं कातडं आपल्या पाळीला घुसवायचं, तर पुढच्या पाळीचा माणूस आंधळा आहे हे माहीत हवं. नाहीतर वर्षभरात भांडं फुटतं आणि संशय तुमच्यावर येतो. आंधळा असेल तर ते दोन वर्षांनी फुटतं, ऐन खटल्याच्या तोंडावर, आणि संशय आंधळ्यावर जातो. तो बिचारा तोंडही उघडू शकत नाही.

का, ते शोधायलाही तिला लांब जावं लागलं नाही. दुइलिओचा मुलगा मौरो सहा वर्षं श्टुटगार्टला एका मोठ्या हॉटेलात होता. नोरीना गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा; पुढे त्याला झेलिंदानेच वाढवला. ख्रिसमसनंतर दुइलिओने मुलाच्या खोलीला चुना मारला होता. "ओल आली होती," असं म्हणाला होता. गावात नवं हॉटेल, आणि हॉटेलला हवा मॅनेजर. म्हणजे मौरो घरी. म्हणजे रविवारी टेबलाशी दोन नाही, तीन ताटं.

त्या लाभात तिचाही वाटा होता. हे लक्षात आल्यावर तिने वही मिटली.

५

रविवारी दुइलिओ नेहमीसारखाच आला, टोपी खुंटीला लावली, पातेल्याचं झाकण उचलून वास घेतला.

"सॉसेज! कुणाचं डुक्कर?"

"बस," झेलिंदा म्हणाली.

तिने मक्याच्या पिठाची घट्ट पोलेंता लाकडी पाटावर ओतली, त्याच्यापुढे ठेवली आणि समोर बसली. स्वतः घेतलं नाही.

"मेंढी आणि बकरी यांतला फरक तुला कळत नाही, दुइलिओ."

त्याचा चमचा थांबला नाही. फक्त हळू झाला.

"मला कशाला कळायला हवा?"

"दुकानदाराने विचारलं असेल की, कशाचं हवं?"

"झेलिंदा, तुला झालंय काय?"

"उत्तरेचा वारा होता. सगळ्यांचे ओठ फुटलेले. आणि तू वरून ओरडलास, छत्र्या काढा."

आता चमचा थांबला. खोटं बोलायला तो तोंड उघडेल असं तिला वाटलं, आणि आत कुठेतरी तिला तेच हवं होतं. पण तेरा वर्षं या टेबलाशी बसलेला माणूस होता तो. तिच्याकडे पाहिलं की कुणाचं पोतं हलकं ठरणार हे त्यालाही कळत होतं.

"कुठे आहे ते?" तिने विचारलं.

"नाही कुठे."

"म्हणजे?"

"त्याच दिवशी जाळलं. संत अंतोनियोच्या होळीत. सगळे आपापली द्राक्षाच्या काटक्यांची मोळी टाकत होते, मीही टाकली. तिच्या आत होतं." तो टेबलाकडे पाहत बोलत होता. "वास आला होता. सगळीकडे सणाला कापलेल्या डुकरांचे केस भाजत होते, कुणाच्या लक्षात येणार? तूही होतीस. हात शेकत होतीस."

झेलिंदाने आपले हात टेबलाखाली घेतले.

"बेस्सोनेने काय दिलं?"

"काही घेतलं नाही! देवाशपथ, एक दमडी नाही. मौरोला नोकरी, बस. लेखी दिलंय. अगं, हे गाव मरतंय. साठ घरं, त्यांत चाळीस म्हाताऱ्या. चेस्टनट उचलायला वाकतंय कोण? दहा वर्षांनी तो डोंगर रानडुकरांचा होणार. मी काय विकलं? एक झरा आणि एक जुनी चामडी."

"आणि फादर?"

तो चमच्याने पाटाची कड खरवडू लागला.

"त्याच्यावर येणार हे तुला ठाऊक होतं."

"तो बोलणार नाही हे ठाऊक होतं," दुइलिओ म्हणाला. "आणि म्हाताऱ्या पाद्र्याला तुरुंगात कोण टाकतं? चार दिवस लोक तोंड वाकडं करतील. मौरो तुझाही आहे, झेलिंदा. आई म्हणायचा तुला. तू त्याला इथे बघायला नको म्हणतेस?"

"उद्या शहरात ये आणि न्यायाधीशाला सांग. कातडं होतं, त्यावर काय लिहिलं होतं, ते कुणी जाळलं. सगळं."

"आणि नाही आलो तर?" तो पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहत म्हणाला. त्या नजरेत मेव्हणा नव्हता, अध्यक्ष होता. "पुरावा काय तुझ्याकडे? तुझे ओठ? लोक म्हणतील, गेल्या वर्षी फादरच्या हातात होतं, कोरं असतं तर त्याला दिसलं असतं. त्याला दिसत नाही, हे सांगावं लागेल तुला. सांगशील? शब्द दिला असशील ना त्याला? तो सगळ्यांकडून घेतो. माझ्याकडूनही घेतला होता."

त्याने पाटावरचा शेवटचा तुकडा खाल्ला, टोपी घेतली आणि दारात थांबला.

"चार वाजता समितीची बैठक आहे. तू काही बोलणार नाहीस. मी तुला ओळखतो."

६

फादरच्या घरावरूनच चर्चच्या दालनाकडे जावं लागतं. झेलिंदा दारापाशी थांबली. आत त्याच्या खुर्चीचा आवाज आला. पावलं ओळखून तो उठत असावा. आत जाऊन विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून तिने विचारलंच नाही. ती पुढे गेली.

दालन भरलं होतं. दुइलिओ टेबलामागे, बाजूला सेत्तीमिया, थोड्या वेळाने फादर आला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसला. कुणीतरी मागून "छप्पर!" म्हणालं आणि काहीजण हसले.

"वाद घालून उपयोग नाही," दुइलिओने सुरुवात केली. "फादरचं वय बघून गावाने क्षमा करावी असं मी म्हणतो. उद्या कोर्टात..."

"फादर आंधळे आहेत," झेलिंदा म्हणाली.

हसणं तुटलं.

"अडीच वर्षं. गेल्या वर्षी त्यांच्या हातात कोरंच कातडं होतं, आणि त्यांना ते कळणं शक्य नव्हतं. ज्याला हे माहीत होतं त्यानेच आदल्या वर्षी ते बदललं." तिने मग सगळं सांगितलं: मेंढी, तुरटी-मीठ, उत्तरेचा वारा, सपाट कातडं, फुटलेले ओठ. आवाज काट्यावर वजन पुकारताना असायचा तसाच होता.

"थांबा, थांबा," बेकरीवाल्याची बायको उठली. "त्या वर्षी माझेही ओठ चरचरले होते! मी ह्यांना म्हटलं होतं, कातडं चावतंय! म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतं," बेकरीवाला म्हणाला. "मी म्हटलं, तुझी जीभ लागली असेल."

यावर कुणी हसलं नाही. आणखी दोघी उठल्या. मग सगळ्यांचे चेहरे फादरकडे वळले.

"फादर, खरं आहे?" सेत्तीमियाने विचारलं. "दिसत नाही तुम्हाला?"

"नाही, बाई," तो म्हणाला. आवाजाच्या दिशेने त्याने मान वळवली होती, आणि तेव्हाच सगळ्यांना दिसलं की ती थोडी चुकली होती. "हे कुणी सांगितलं? झेलिंदाच होती ना?"

झेलिंदाने उत्तर देण्याआधी दुइलिओने पेटीची किल्ली टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे हातातून सुटली. एकाच वेळी इतके लोक त्याच्याकडे तसं पाहतील याचा हिशेब त्याने केला नव्हता. भाषण करायला तो उठला होता. तो तसाच खाली बसला आणि होळीचं सांगू लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने तेच न्यायाधीशासमोर सांगितलं. सेत्तीमियाने अक्षरांचा रंग सांगितला, पंचवीस म्हाताऱ्यांनी आपले आई-बाप आणि आजे कधीपासून किल्ला चढत होते ते सांगितलं. न्यायाधीशाने कुंपण थांबवलं. निकाल पुढच्या शरदात लागला आणि डोंगर गावाचा राहिला.

कुणी किती मोजलं ते असं. बेस्सोनेने काहीच नाही. दोन दऱ्या पलीकडे त्याला दुसरा किल्ला मिळाला. दुइलिओला दंड झाला, तुरुंग टळला. पण चौकातल्या बाकावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहू लागल्या आणि रविवारी तो एकटा जेवू लागला. मौरोला वर्तमानपत्रातून कळलं. त्याने बापाला पत्र लिहिलं नाही, मावशीलाही नाही. त्याच्या खोलीचा चुना ईस्टरपर्यंत तसाच पांढरा राहिला.

ईस्टरच्या आधी बिशपची गाडी आली. फादर रुज्जेरोचं सामान दोन पेट्यांत मावलं. गाव दारापाशी जमलं होतं, ज्यांनी छप्पर म्हटलं होतं ते सगळ्यांत पुढे. तो एकेकाचा हात हातात घेऊन नाव सांगत गेला, आणि एकदाही चुकला नाही. गाडीत बसल्यावर त्याने काच खाली करायला सांगितली.

"झेलिंदा आली नाही का?" त्याने विचारलं.

ती तीन पावलांवर उभी होती. त्याने पावलांवरून ओळखू नये म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली होती आणि तेव्हापासून जागची हलली नव्हती. लोकांनी तिच्याकडे पाहिलं. ती बोलली नाही, आणि तिच्या वतीने दुसरंही कुणी बोललं नाही. ड्रायव्हरने काच वर केली.